घरचं आणि कामाचं: एक अकाउंट की दोन?

घरांचं इंटिरियर करते, ऑफिस धरमपेठेत. इन्स्टाग्रामवर सहा वर्षं माझं एकच अकाउंट होतं. वर मॉड्युलर किचन, खाली भाचीचं बारसं, त्याखाली तान्ह्या पोळ्याची मारबत.

त्याचा फायदा झाला, तो आधी सांगते. नागपुरात काम ओळखीतून येतं. बारशाचे फोटो पाहायला आलेली शाळेतली मैत्रीण वॉर्डरोबच्या फोटोंवर थांबली, आणि तिचा मनीषनगरचा फ्लॅट माझ्याकडे आला. नुसत्या कामाच्या अकाउंटवर ती फिरकलीच नसती. धंदा नवा असेल, पहिली कामं नात्यातूनच येणार असतील, तर एकच पुरतं. दोन सांभाळायला वेळ लागतो, आणि एक हमखास ओस पडतं.

मग बाबा गेले. त्यांचा फुटाळा तलावाच्या काठावरचा फोटो टाकला; पांढरा शर्ट, हातात भाजलेलं कणीस. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या रांगेत एकाने विचारलं, 'टू बीएचकेचा रेट काय?' त्याची चूक नव्हती. त्याच्यासाठी ते दुकान होतं आणि पाटी मीच लावली होती. त्या आठवड्यात मी दोन अकाउंट केली.

एकाच अकाउंटची खरी अडचण ही, की इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल, म्हणजे धंद्यासाठीचं, अकाउंट प्रायव्हेट (आपण मंजूर केलेल्यांनाच दिसेल असं) करता येत नाही. 'क्लोज फ्रेंड्स', म्हणजे निवडक माणसांनाच पोस्ट दाखवणारी यादी, हा मधला मार्ग आहे, पण एकदा यादी निवडायला विसरलात की पोस्ट सगळ्यांना गेली.

दोन करायची ठरलीच, तर जुनं कामाला ठेवा, ग्राहक तिथेच आहेत. घरचे फोटो आर्काइव्ह करा. ते तुमच्याकडे राहतात, इतरांना दिसत नाहीत. नवं अकाउंट प्रायव्हेट ठेवा, वेगळ्या ईमेलवर काढा आणि कॉन्टॅक्ट सिंक (फोनमधले नंबर ॲपला देणारी सोय) बंद करा, नाहीतर ग्राहकांना तेही सुचवलं जाऊ शकतं. एका ॲपमध्ये पाच अकाउंट चालतात, म्हणून पोस्ट करण्याआधी वरचं नाव वाचायची सवय लावून घ्या. आणि प्रायव्हेट म्हणजे तिजोरी नव्हे. इथे ग्राहकाची सून तुमच्या मामेबहिणीची मैत्रीण निघते. स्क्रीनशॉट पोचायला वेळ लागत नाही.

फेसबुकवर धंद्याचं पेज काढा. आपल्या प्रोफाइलवरच्या जुन्या सार्वजनिक पोस्ट 'लिमिट पास्ट पोस्ट्स'ने एकदम मित्रांपुरत्या होतात. लिंक्डइनवर घरचं नेऊच नका.

राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर निवडीचा प्रश्नच नाही. राज्य शासनाच्या जुलै २०२५च्या सूचनांप्रमाणे वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळी हवीत. प्रोफाइल फोटो सोडला तर गणवेश, शासकीय गाडी, इमारत वैयक्तिक फोटो-रीलमध्ये चालत नाही. अधिवेशनाच्या ड्युटीवर विधानभवनासमोर काढलेली रील त्यात आलीच.

माझं मत विचाराल तर, अनोळखी माणसं चौकशी करू लागली की त्याच महिन्यात वेगळं करा. मी उशीर केला.

बाबांचा फोटो आता घरच्या अकाउंटवर आहे. परवा आत्याने त्याखाली लिहिलं, 'त्यातलं अर्धं कणीस मला दिलं होतं त्याने.'