सातारा-स्वारगेट विनावाहक विनाथांबा एसटी : ५ पैकी ४

महिन्यातनं दोनतीनदा पुण्याला जाणं होतं आणि आता मी दुसरं काही बघतच नाही, सरळ स्टँडवर जायचं, विनावाहकच्या लाईनीत उभं राहायचं, तिकीट खालीच काढायचं आणि बसायचं. एकदा दार लागलं की थेट स्वारगेट. मागच्या वेळी एक काका शिरवळ जवळ आल्यावर उठून पुढं गेले, "जरा उतरवा की", ड्रायव्हर मान पण न वळवता म्हणला, "काका, बोर्ड वाचून बसायचं." खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, कात्रज, ट्रॅफिक नसलं तर अडीच तासाच्या आसपास. आईला हाफ तिकीट (मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं आहे), त्यामुळं ती तर कारचं नाव काढू देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली तेव्हा मी जरा कुरकुरलो, पण तरी स्वतःच्या गाडीचं पेट्रोल आणि दोन टोल धरले तर हिशोबच होत नाही.

आता मुद्द्याचं. बऱ्याच जणांना वाटतं कंडक्टर काढला म्हणजे एसटीने कामगाराच्या पोटावर पाय दिला. मलापण आधी तसंच वाटायचं. पण विचार करा, थेट गाडीत कंडक्टर पहिल्या दहा मिनिटांत तिकिटं फाडणार आणि मग स्वारगेटपर्यंत नुसता बसून राहणार, तोच माणूस स्टँडवर थांबला तर एकामागनं एक चार गाड्यांची तिकिटं काढतो. ही काटकसर मला पटते कारण त्याचं काम ड्रायव्हरच्या गळ्यात मारलेलं नाही, ड्रायव्हरनं गाडीच चालवायची.

पण हेच डोकं उद्या बामणोलीसारख्या डोंगरातल्या गावच्या गाडीला लावायला गेलात तर बोंब. तिथं पोत्याचं लगेज, पोरांचे पास, दर वळणावर हात करणारा माणूस, आणि गाडी रिव्हर्स घ्यायची झाली तर मागं उतरून शिट्टी मारणार कोण? एका ड्रायव्हरला बोललो तर तो म्हणला, "विनावाहकला आमचं काय नाही, पण वाटेत पंक्चर झालं, कोणाला चक्कर आली तर पन्नास माणसं आणि मी एकटा." युनियनवाले कुठल्याही बदलाला आडवे येतात असं आपण म्हणतो, पण ह्यात मला तरी आडमुठेपणा दिसला नाही.

एसटीच्या संपात मी पण शिव्या घातल्यात, खोटं कशाला बोलू. २०२१ च्या दिवाळीच्या आधी सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत, हायकोर्टानं २२ एप्रिलची मुदत दिली तेव्हा कुठं सगळे कामावर आले. तोवर आम्ही वडापमध्ये (खासगी जीपमध्ये) चौथ्या सीटवर पाचवा होऊन, वाट्टेल ते भाडं देऊन. एसटी सरकारात विलीन करायची मागणी मला तेव्हाही झेपणारी वाटली नव्हती आणि आजपण नाही वाटत, पण पगार सरकारी माणसासारखा वेळेवर व्हावा ह्यात चूक काय होतं? सप्टेंबर २०२४ ला परत संप झाला, मूळ पगारात साडेसहा हजार वाढ मान्य झाली आणि दोन दिवसांत मिटला. आधीच बसून बोलले असते तर...असो.

एसटीनं भाड्यानं घेतलेल्या एसी शिवशाहीचं मात्र मला कधी कळलंच नाही. ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर एसटीचा, एका गाडीत दोन मालकांची माणसं, तक्रार करायची तर कोणाकडं? त्यापेक्षा ही साधी लालपरी बरी, खिडकी उघडते तरी.

एक स्टार कापलाय तो सीटसाठी, माझी उंची सहा फूट आहे आणि गुडघे पुढच्याच्या पाठीत जातात. आणि हो, कंदी पेढे घ्यायचे असतील तर लाईनीत लागायच्या आधी घ्या, रविवारी संध्याकाळी लाईन सोडली की पुढच्या गाडीवर गेलात.