सायकली आणि ट्रेकचे सामान नेणारी गाडी: एर्टिगा, ट्रायबर आणि इनोव्हाची पारख

पुण्याहून सायकली गाडीत घालून पहाटेच ताम्हिणी, पानशेत किंवा भंडारदऱ्याकडे निघणारे लोक आता ठिकठिकाणी भेटतात, आणि त्यांच्यातल्या नव्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: दोन-तीन सायकली, तंबू, सॅक, स्टोव्ह आणि माणसे एवढे सगळे मावेल अशी कोणती गाडी घ्यावी? सध्या आम्ही पेट्रोलवरची मारुती एर्टिगा वापरतो. ती घेण्यापूर्वी रेनो ट्रायबर आणि टोयोटा इनोव्हा क्रिस्टा या दोन्ही गाड्या टेप आणि सायकल घेऊन नीट पाहिल्या होत्या आणि आमच्या ग्रुपमध्ये या दोन्ही गाड्या असल्यामुळे त्यांतूनही प्रवास घडत असतो. त्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे. मायलेज, स्क्रीन, सनरूफ या गोष्टींवर भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून येथे फक्त सामान चढवणे, बांधणे, घाटातून नेणे आणि सुखरूप उतरवणे एवढेच पाहिले आहे.

सुरुवात गाडीपासून नव्हे, तर सायकलीपासून करावी. 29 इंची चाकांच्या एमटीबीची (डोंगरवाटेच्या सायकलीची) लांबी साधारण 180 सेंटिमीटर भरते आणि पुढचे चाक काढले की ती 140 च्या थोडी वर येते. रोडबाइकचे हँडल 40 ते 44 सेंटिमीटर रुंद असते, तर एमटीबीचे 72 ते 80, आणि डिकीच्या दारात अडकते ते बहुतेक वेळा हेच हँडल. म्हणून सायकल आडवी ठेवायची असेल, तर मागच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत दीड मीटर सपाट लांबी मिळते का, हा पहिला प्रश्न आहे. ही लांबी मोजताना चालकाची सीट प्रत्यक्ष चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे मागे घेतलेली असली पाहिजे, कारण शोरूममध्ये सगळ्या सीट पुढे सरकवून ठेवलेल्या असतात आणि जागा आहे त्याहून मोठी भासते. त्यानंतर दोन व्हीलआर्चच्या (मागच्या चाकांवरच्या, आत आलेल्या फुगवट्यांच्या) मधली रुंदी, डिकीच्या दाराची उंची आणि जमिनीपासून डिकीच्या कडेपर्यंतची उंची पाहावी. तीन-चार तास चढ मारून थकलेल्या हातांनी पंधरा किलोची सायकल उचलताना या शेवटच्या मापाचे महत्त्व कळते.

कंपन्या डिकीची जागा लिटरमध्ये सांगतात आणि घेणारेही त्याच आकड्यांची तुलना करतात. एर्टिगाची डिकी तिन्ही रांगा उभ्या असताना 209 लिटर, तिसरी रांग पाडल्यावर 550 लिटर आणि दुसरी रांगही पाडल्यावर 803 लिटर भरते. ट्रायबरमध्ये तिसऱ्या रांगेच्या सीट काढल्या की 625 लिटर मिळतात. एर्टिगाची लांबी साधारण 4.4 मीटर आणि ट्रायबरची चार मीटरच्या आत, म्हणजे ट्रायबर सुमारे 40 सेंटिमीटरने आखूड आहे, तरीही पाच माणसे बसवून तिची डिकी मोठी ठरते. याचे कारण साधे आहे. एर्टिगाची तिसरी रांग पाडली तरी ती गाडीतच आडवी पडून राहते आणि तिच्या जाडीएवढी उंची कायमची जाते. ट्रायबरच्या त्या दोन सीट मात्र सुट्या आहेत, त्या काढून घरी ठेवता येतात आणि खालचा खोल तळ मोकळा होतो. गाडीची एकूण लांबी आणि सामानाची जागा यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो, हे या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या की लगेच ध्यानात येते.

एर्टिगात दोन सायकली नेण्याची आमची पद्धत ठरून गेली आहे. तिसरी रांग पूर्ण पाडायची आणि दुसऱ्या रांगेतला 60 टक्क्यांचा भाग पाडायचा, म्हणजे उरलेल्या 40 टक्क्यांच्या सीटवर तिसरा माणूस व्यवस्थित बसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेच्या पडलेल्या पाठींमध्ये एक खाच राहते आणि पातळीही थोडी बदलते. सायकलीचा क्रँक (पेडलचा दांडा) किंवा पेडल नेमके त्या खाचेत रुतते आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर हलत राहते. यावर आम्ही सुताराकडून 12 मिलिमीटर प्लायची दोन तुकड्यांची फळी करून घेतली. मधे बिजागऱ्या आहेत आणि वर जुने कार्पेट चिकटवले आहे. ती पसरली की तळ एकसंध होतो, आणि घडी घातली की पुढच्या सीटच्या मागे उभी राहते. पहिली सायकल चेन आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला येतील अशी ठेवायची, वर जुनी गोधडी टाकायची आणि दुसरी सायकल उलट्या दिशेने ठेवायची, म्हणजे दोन्ही हँडले एकाच टोकाला येत नाहीत. पुढची चाके पिशवीत घालून कडेला उभी राहतात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील, तर चाक काढल्याबरोबर ब्रेक पॅडच्या मधे प्लास्टिकचा स्पेसर किंवा पुठ्ठ्याची जाड घडी घातलीच पाहिजे. सामानाच्या दाबाने ब्रेकचा लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि मुक्कामाला पोहोचल्यावर रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) त्यांच्या मधे जात नाही.

बांधण्याच्या बाबतीत आळस करू नये, हे कळकळीने सांगावेसे वाटते. द्रुतगती मार्गावर अचानक ब्रेक लागला, तर मागे मोकळी ठेवलेली सायकल थेट पुढच्या माणसांच्या मानेवर येते. हार्डवेअरच्या दुकानात रॅचेटचे पट्टे सहज मिळतात. त्यांपैकी दोन पट्टे सीटच्या लोखंडी पायांभोवती घेऊन सायकली आवळल्या की त्या जागच्या हलत नाहीत. तंबू, सॅक आणि स्टोव्ह सायकलींवर न रचता बाजूच्या फटीत बसवावेत. एर्टिगाच्या डिकीच्या तळाचे झाकण उचलले की खाली थोडी जागा आहे. तिथे पंप, ट्यूब, टायर लिव्हर आणि प्रथमोपचाराची पेटी कायमची राहू शकते.

एर्टिगा घ्यायची ठरलीच, तर या कामासाठी सीएनजीचा विचार करू नये. 60 लिटरची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे डिकीतच बसते आणि ज्या सपाट तळासाठी ही गाडी घ्यायची तोच तळ ती मधोमध अडवते. रोजच्या ऑफिसच्या धावपळीसाठी सीएनजीचा हिशेब अगदी रास्त आहे, पण सायकलींना तिच्यात जागा उरत नाही. शिवाय पेट्रोलवर इंजिनाची ताकद 103 पीएस मिळते ती सीएनजीवर 88 वर येते आणि भरलेल्या गाडीने वरंधा घाट चढताना हा फरक स्पष्ट जाणवतो.

ट्रायबरचे जे कौतुक वर केले ते मनापासून आहे. दुसरी रांगही सरकते, पडते आणि उचलून पुढच्या सीटला टेकवता येते, त्यामुळे दोन माणसे आणि दोन सायकली या हिशेबात ही गाडी तिच्या किमतीच्या मानाने फार मोठे काम करते. छतावरील रेलवर 50 किलोपर्यंत वजन नेता येते, असे कंपनी सांगते. चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीच्या आतली पेट्रोल गाडी असल्यामुळे सप्टेंबर 2025 पासून तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, तर 1462 सीसीच्या एर्टिगावर 40 टक्के. हा फरक छोटा नाही, वाचलेल्या पैशांत एक चांगली सायकल येते. मर्यादा आहे ती इंजिनाची. 999 सीसी, तीन सिलिंडर, 72 पीएस आणि 96 न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) एवढ्या बळावर चार माणसे आणि भरलेली डिकी घेऊन महाबळेश्वर चढायचे, तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढण्याची तयारी हवी आणि ओव्हरटेकचा मोह टाळायला हवा. दुसरी अडचण घरची आहे. काढलेल्या दोन सीट फ्लॅटमध्ये कुठे ठेवायच्या, हे गाडी घेण्यापूर्वीच घरात विचारून घ्यावे.

इनोव्हा क्रिस्टाबद्दल लोकांच्या मनात एवढा विश्वास आहे की मोठी गाडी म्हटले की तिचेच नाव आधी निघते. 150 पीएसचे डिझेल इंजिन, 343 न्यूटन मीटर टॉर्क, लॅडर फ्रेम (शिडीसारखा भक्कम सांगाडा) आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद या बाबतींत बाकीच्या दोन गाड्या तिच्या जवळपासही येत नाहीत. मागे वजन भरले आणि ओल्या, चिखलाच्या चढावर गाडी उभी राहिली, तर एर्टिगा आणि ट्रायबरची पुढची चाके हलकी होऊन जागीच फिरू शकतात, मात्र क्रिस्टाच्या मागच्या चाकांना त्याच वजनाने पकड मिळते. रतनवाडी किंवा पाचनईसारख्या गावांपर्यंत पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा. पण सायकल आत घालण्याच्या बाबतीत क्रिस्टाची रचना आड येते. तिची तिसरी रांग खाली पडत नाही, ती दोन भागांत उचलली जाऊन डाव्या-उजव्या खिडक्यांना टेकून उभी राहते, म्हणजे जिथे हँडलची रुंदी हवी नेमकी तिथेच दोन्हीकडून सीट आत येतात. बाहेरून 1830 मिलिमीटर रुंद असलेल्या गाडीत आडवी एमटीबी सहजी बसत नाही, याचे कारण हेच. नव्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये तिसरी रांग तळाशी सपाट होते आणि 991 लिटर जागा मिळते, त्यामुळे ही तक्रार उरत नाही. मात्र ती गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि तिची किंमत पाहता केवळ या छंदासाठी ती घ्या, असे मी कोणाला सांगणार नाही.

मारुती ईको स्वस्त आहे, तिची उंची 1825 मिलिमीटर आहे आणि सरकती दारे अडचणीच्या जागेत फार उपयोगी पडतात. पण 1475 मिलिमीटर रुंदी आणि पुढच्या सीटखालचे इंजिन पाहता लांबच्या प्रवासाला मी ती निवडणार नाही.

सायकली तीनपेक्षा जास्त झाल्या, तर कोणतीही गाडी असो, छताचाच आधार घ्यावा लागतो. येथे उंचीचा हिशेब डोक्यात पक्का हवा. 1690 मिलिमीटरच्या एर्टिगावर कॅरिअर आणि उभी सायकल धरली की एकूण उंची पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. सोसायटीच्या इमारतीखालच्या (स्टिल्ट) पार्किंगमध्ये, मॉलच्या पार्किंगमध्ये आणि रस्त्यावरच्या लोखंडी कमानींखाली ही गाडी जाणार नाही. कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर आंब्या-फणसाच्या फांद्या आणि खाली आलेल्या वीजतारा पाहत चालवावे लागते. थुलेसारख्या कंपनीचे कॅरिअर महाग वाटते, पण चाक आणि फ्रेम दोन्ही पकडणारी त्याची रचना भरवशाची आहे. आमच्या एका मित्राने स्थानिक दुकानातून बनवून घेतलेल्या कॅरिअरच्या पकडीत रबर नीट नव्हते आणि कार्बन फ्रेमवर कायमचा ओरखडा उठला. कार्बन फ्रेम असेल, तर फ्रेमऐवजी फक्त चाके किंवा पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुपाखी दांडा) पकडणारे कॅरिअर घ्यावे.

मागच्या दाराला पट्ट्यांनी टांगायचे रॅक स्वस्त आणि सोपे असतात, मात्र त्यांवर सायकल लावली की नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. नियमाने दोन्ही दिसलेच पाहिजेत, आणि रात्री मागून येणाऱ्या ट्रकला आपला ब्रेकचा दिवा दिसणे हे दंडापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. सागरी रस्त्याने जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला येथे फेरीबोटीत गाडी चढवताना, विशेषतः ओहोटीच्या वेळी, जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांच्या कोनात मागे लांब निघालेला रॅक जमिनीला घासू शकतो. अशा वेळी सायकली उतरवून हाताने बोटीत न्याव्यात.

पुणे ते गोवा या 643 किलोमीटरच्या डेक्कन क्लिफहँगरसारख्या सायकल स्पर्धेत सपोर्ट गाडी म्हणून जाणाऱ्यांची गरज थोडी वेगळी असते. राखीव सायकल क्षणात काढता यावी म्हणून ती छतावरच हवी आणि आतली जागा पाणी, खाणे, चाके आणि आळीपाळीने झोपणाऱ्या क्रूसाठी मोकळी हवी. या कामाला मी डोळे मिटून क्रिस्टा सुचवीन, कारण स्वाराच्या वेगाने तासन्‌तास मागे राहायचे, माणसांना आत आराम मिळायला हवा आणि हँडलच्या रुंदीचा प्रश्न तिथे येतच नाही.

पावसाळ्यासाठी काही खर्च आधीच धरून ठेवावा. डिकीत कडा उंच असलेला रबरी ट्रे, त्यावर ताडपत्री आणि सीटना रेक्झिनचे कव्हर एवढे केले, तर चिखलाने माखलेल्या सायकली आणि ओल्या सॅक निर्धास्तपणे आत घालता येतात. कार्पेटखाली पाणी मुरले की कुबट वास महिनोन्‌महिने जात नाही आणि तळाचा पत्राही गंजू लागतो, म्हणून घरी आल्यावर त्याच रात्री ट्रे बाहेर काढून दारे थोडा वेळ उघडी ठेवावीत.

दोघांसाठी आणि मर्यादित पैशांत माझी पसंती ट्रायबरला आहे. तीन माणसे आणि दोन सायकली असा नेहमीचा बेत असेल आणि घाटात दमदार गाडी हवी असेल, तर पेट्रोलवरची मॅन्युअल एर्टिगा घ्यावी. जुनी गाडी घेणार असाल, तर मागचे दार उघडून हात सोडून पाहा. दार वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे दमलेले असतील, तर दार हळूहळू खाली येते आणि सायकल आत ढकलत असताना नेमके डोक्यावर बसते. ते बदलायचे असतील, तर त्याचे पैसे सौद्यातच कापून घ्यावेत. टेस्ट ड्राइव्हला जाताना आपली सर्वांत मोठी सायकल बरोबर न्यावी आणि सेल्समनसमोर ती स्वतःच्या हाताने आत घालून पाहावी. चांगल्या शोरूममध्ये याला कोणी हरकत घेत नाही.