एस अटर्नी ट्रिलॉजी (स्विच लाइट): खुनी माहीत असतो तरी गेम हातातून सुटत नाही

फिनिक्स राइट एस अटर्नी ट्रिलॉजी हा तीन गेमचा संच निन्टेन्डोच्या स्विच लाइट या हातात धरायच्या कन्सोलवर बरेच महिने खेळतेय, तिन्ही गेम संपलेत, काही खटले दुसऱ्यांदाही झालेत, त्यामुळे आता सविस्तर लिहायला हरकत नाही. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्ही नवखे वकील, अशिलावर खुनाचा आरोप, आधी घटनास्थळी फिरून पुरावे जमवायचे, लोकांशी बोलायचं आणि मग कोर्टात साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची. मारामारी नाही, पळापळ नाही. सगळा गेम वाचायचा आहे.

मूळ गेम २००१ चा, जपानमध्ये गेमबॉय अॅडव्हान्स या जुन्या कन्सोलवर आला होता. कॅपकॉम या गेम कंपनीच्या शू ताकुमींनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, टीम म्हणे अवघी सात जणांची. इंग्रजीत आला २००५ मध्ये, निन्टेन्डो डीएसवर. मी घेतली ती २०१९ ची ट्रिलॉजी, तीन गेम मिळून १४ खटले.

मर्डर मिस्ट्री म्हटलं की खुनी कोण हेच शोधायचं असं वाटतं ना, इथे बऱ्याचदा तो प्रश्नच नसतो. पहिल्या खटल्यात तर सुरुवातीलाच खुनी समोर दाखवून टाकतात, आणि तोच माणूस साक्षीदार म्हणून कोर्टात येऊन उभा राहतो. आता तुम्हाला माहितीय, त्याला माहितीय, पण सिद्ध कसं करणार? तो म्हणतो मला दुपारी एक वाजता प्रेत दिसलं. पोस्टमॉर्टेम रिपोर्ट म्हणतो मृत्यू चारच्या पुढे झाला. दाखवा रिपोर्ट. मग तो म्हणतो, नाही नाही, वेळ मी टीव्हीवर ऐकली. त्या वेळी बिल्डिंगची लाईट गेलेली होती, दाखवा तो कागद. मग तिसरी थाप. एक थाप पचवायला दुसरी मारावी लागते आणि प्रत्येक नव्या थापेसोबत तो माणूस स्वतःच स्वतःला अडकवत जातो, आणि हे सगळं तुम्ही बटण दाबून घडवून आणत असता. मला या गेमचं खरं व्यसन लागलं ते इथे.

करायच्या गोष्टी दोनच. जबाबातलं एकेक वाक्य पुढे येतं, त्यावर एकतर खोदून विचारायचं नाहीतर पुरावा दाखवायचा. चुकीचा पुरावा दाखवला की जजसाहेब दंड करतात, पहिल्या गेममध्ये दर चुकीला एक उद्गारचिन्ह जातं, पाचही संपली की खेळ खल्लास. इतकं साधं आहे. पण तेच वाक्य चारदा वाचून पाचव्यांदा अचानक कळतं की अरे हा जिथे उभा होता म्हणतोय तिथून खिडकी दिसूच शकत नाही, तेव्हा अंगावर काटा येतो आणि नेमकं त्याच क्षणी म्युझिक बंद पडतं. एकदम शांत. मग ऑब्जेक्शन! बोट रोखलेलं! पहिल्या गेमचं संगीत मासाकाझू सुगिमोरींचं, उलटतपासणीची धून साक्षीदार अडचणीत आला की तीच जलद होते, आणि पूर्ण कोंडीत सापडला की जी वाजते ती मी जेवण करताना पण गुणगुणते. हेडफोन लावूनच खेळा. डीएसवर म्हणे माइकमध्ये खरोखर ओरडता यायचं, स्विचवर ती सोय नाही, घरच्यांचं नशीब.

माझी वहिनी वकील आहे, तिला थोडा खेळायला दिला. गेममध्ये खटला जास्तीत जास्त तीन दिवस चालतो हे कळल्यावर तिला हसू आवरेना, म्हणे आमच्याकडे तेवढ्यात समन्स पण बजावून होत नाही. बरोबरच आहे, कायदा वगैरे इथे शिकायला जाऊ नका, एका खटल्यात तर चक्क पोपटाची उलटतपासणी आहे. पण आरोपी आधीच दोषी धरून चालणं आणि खरा खुनी पण वकिलानेच पकडून देणं, हे सगळंच हवेतलं नाही. जपानमध्ये खटला उभा राहिला की दोषी ठरायचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे. पहिल्या गेमच्या चौथ्या खटल्यात १५ वर्षांपूर्वीचं एक प्रकरण निघतं आणि त्यावर खटला भरायची मुदत संपायला आलेली असते, ते पण खरंच तसं होतं, गेम आला तेव्हा तिकडे खुनाला १५ वर्षांची मुदत होती, ती नंतर वाढवली आणि २०१० मध्ये काढूनच टाकली. इंग्रजी आवृत्तीत मात्र हे सगळं लॉस एंजेलिसमध्ये घडतं म्हणतात. गेममध्ये डोंगरातलं गाव, आत्मा बोलावणाऱ्या बायका, आणि म्हणे लॉस एंजेलिस. असो.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे तुम्हाला कळलेलं असतं पण गेमला अजून कळायचं असतं. कोण, कसं, कुठून, सगळं डोक्यात जुळलेलं असतं आणि तरी तो ठराविक पुरावा त्या ठराविक वाक्यावरच दाखवायला लागतो, त्याच अर्थाचं शेजारचं वाक्य चालत नाही, वर दंड. तपासाच्या भागात तर कुठेतरी कुणालातरी काहीतरी दाखवल्याशिवाय पुढची जागा उघडत नाही आणि आपण पोस्टमनसारखे दारोदार हिंडत बसतो. वकिलाचा बॅज मात्र सगळ्यांना दाखवून बघा, उत्तरं भारी मिळतात.

आणि भाषा. मराठी हिंदी नाही, इंग्रजी भरपूर वाचावं लागतं, त्यातही कोट्या. वाचनाचा कंटाळा असेल तर घेऊच नका. टीव्हीवर खेळून पाहिलं एका मैत्रिणीकडे, सोफ्यावर लांब बसून इतका मजकूर वाचवत नाही. हातात धरून, आडवं पडून, हवं तिथे सेव्ह करून झोपायचं, यातच त्याची गोडी आहे.

घेणार असाल तर पूर्ण किमतीत घेऊ नका, सेल लागतो. क्रमानेच खेळा, तिसऱ्याचा शेवट पहिल्या दोघांशिवाय अर्धाच कळेल. पहिल्यातला पाचवा खटला डीएसच्या वेळी नंतर जोडलेला, ल्युमिनॉल (पुसलेले रक्ताचे डाग दाखवणारं रसायन) फवारणं, बोटांचे ठसे घेणं वगैरे मजा आहे पण फार लांबलाय, चौथा संपवून दमला असाल तर थोडा दम खाऊन सुरू करा. दुसऱ्या गेममधल्या सर्कसच्या खटल्यात अडकलात तर खुशाल गाईड उघडा, कारण त्याच्या पुढचाच खटला अख्ख्या मालिकेतला माझा सगळ्यात आवडता आहे, त्याबद्दल काहीही वाचू नका.