वर्धा रोडवरचं एक हॉटेल: खोलीला चार तारे, ड्युटी चार्टला दीड

खोली स्वच्छ, गादी उत्तम, गरम पाणी बेभरवशाचं, पोहे चांगले आणि संत्र्याचा रस डब्यातला. घाईत असाल तर एवढं वाचून पुढे गेलात तरी चालेल. पण डिसेंबरात, नागपुरात, आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात ढिगानं उतरत असताना डब्यातला रस? ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. डब्यातला का, ते पुढे कळलं.

भाचीच्या लग्नाचं वऱ्हाड आम्ही या हॉटेलात उतरवलं होतं. अकोला, अमरावती, थोडे पुण्याचे. हिवाळी अधिवेशन तोंडावर, त्यामुळे सीताबर्डी-रामदासपेठेत खोल्यांचे भाव विचारायची सोय नव्हती. वर्धा रोडवरचं हे व्यावसायिक पद्धतीचं हॉटेल 4,800 रुपये खोली म्हणालं. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झालाय, म्हणजे 5,040 पडले, नाश्ता धरून. भाव वाजवी. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर उद्या सकाळच्या ब्रीफिंगमध्ये कुणाची तरी झाडाझडती होईल, आणि ती नेमकी चुकीच्या माणसाची होईल याची मला खात्री आहे.

खात्री अशासाठी, की मी तीसेक वर्षं हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना हाउसकीपिंग शिकवलंय. खोलीत शिरल्यावर दाराच्या चौकटीवरून बोट फिरवायची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. आमचे हे अशा वेळी मुकाट्यानं खिडकीशी जाऊन उभे राहतात. तर चौकट स्वच्छ. चादरीचा मायटर कॉर्नर, म्हणजे गादीखाली तिरकी घडी घालून खोचलेला कोपरा, पंचेचाळीस अंशांत चोख बसलेला. कमोडच्या मागची फरशी, जिथे कुणी बघत नाही, तीसुद्धा पुसलेली. चहाच्या किटलीत तळाशी बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता, त्याचा अर्धा तारा कापला. आणि पलंगावर चार उशा, दोन कुशनं, वर तो मखमली रनर, म्हणजे पायाकडे आडवी टाकलेली शोभेची पट्टी. झोपायच्या आधी हे सगळं कुठे ठेवायचं हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याला पडतो. शेवटी जातं ते जमिनीवर, आणि दुसऱ्या दिवशी तसंच उचलून परत पलंगावर.

उचलणारी मुलगी रामटेककडची. तिला विचारलं, किती खोल्या? म्हणाली, "सोळा. आज चेकआउट जास्त आहेत ना, तं थोडं होते मॅडम." थोडं होते! मी हिशेब घातला. आठ तासांच्या शिफ्टमधून ब्रीफिंग आणि ट्रॉली भरायला अर्धा तास, जेवणाला अर्धा. उरले सात तास, 420 मिनिटं. भागिले सोळा, खोलीमागे 26 मिनिटं. राहता पाहुणा असेल तर ठीक आहे, त्यातही वेळ उरतो. पण पाहुणा गेल्यावरची खोली, चादरी-टॉवेल बदलून, बाथरूम घासून, मिनीबार भरून? मी विद्यार्थ्यांना त्यासाठी अर्ध्या तासाच्या वरच वेळ धरायला सांगायचे. आणि लग्नाचं वऱ्हाड म्हणजे सगळी चेकआउटं एकाच दिवशी, अकरा ते बाराच्या दरम्यान. वर खोल्यांमधून हळदीचे डाग, अक्षता आणि गुलाबपाकळ्या.

2005 साली क्राउझे नावाच्या संशोधकाच्या गटानं लास वेगासच्या हॉटेलांतल्या खोल्या साफ करणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कंबरेच्या तीव्र दुखण्याची तक्रार त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांची होती. गाद्या जड होत गेल्या, उशा वाढत गेल्या, खोल्यांचा कोटा मात्र खाली आला नाही. या उलट 2007 चा एक हार्वर्डचा अभ्यास हॉटेलवाल्यांना फार आवडतो. सात हॉटेलांतल्या 84 अटेंडंट बायकांपैकी काहींना सांगितलं, की तुमचं हे काम म्हणजे चांगला व्यायाम आहे, आणि चार आठवड्यांत त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडा उतरलेला दिसला. आमच्याकडे एका सेमिनारात हा अभ्यास मोठ्या कौतुकानं मांडला गेला होता. पगार वाढवायला नको, उशा कमी करायला नकोत, लिनन रूममध्ये एक पाटी लावली की झालं! मी तेव्हा उठून विचारलं होतं, की बोलणाऱ्या गृहस्थांनी स्वतः कधी किंग साइज गादीचा कोपरा उचललाय का. चहाची सुट्टी लवकर झाली.

तर ती मुलगी निघताना दारात थबकली. "मॅडम, गूगलवर रिव्ह्यू टाकसान ना? माझं नाव टाका बरं. नाव नाही आलं तं इन्सेंटिव्ह कटते." मग हळूच, "चारच तारे दिले तंही धरत नाहीत."

हे आता सगळीकडे आहे. रिसेप्शनवर क्यूआर कोड, बिलाच्या फोल्डरमध्ये क्यूआर कोड, आणि प्रत्येक जण आपलं नाव दोनदा स्पष्ट उच्चारतो. लग्नघरातल्या आमच्या पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं, काय नम्र माणसं! नम्र आहेतच. पण त्या नम्रतेचं मीटर लावलेलं आहे. हसणं हा पगारी कामाचाच भाग असतो, ते मुद्दाम घडवावं लागतं आणि त्यानं माणूस थकतो, हे आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 मध्येच विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून दाखवलं होतं. आता त्या हसण्याचा महिनाअखेरी हिशेबही लागतो, एवढीच भर.

आणि पाहुण्याच्या मतावरून कामाचं मोजमाप किती होतं? कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन वर्षानुवर्षं टिपवर संशोधन करतायत. त्यांचा निष्कर्ष असा, की सेवा किती चांगली होती आणि टिप किती पडली यांचा संबंध असतो, पण अगदी क्षीण. वेटर टेबलाशी उकिडवा बसून बोलला तर टिप वाढते. ताऱ्यांचंही वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही.

हॉटेलच्या रेस्टॉरंटमधलं जेवण या बाबतीत जास्त बोलकं होतं. सावजी मटण मागवू नका. बाहेरगावच्या पाहुण्यासाठी त्याची धार इतकी बोथट केलीय, की इतवारीतला माणूस ओळखणार नाही. डाळ तडका आणि वांग्याचं भरीत छान. पण डाळ आली, संपत आली, तरी रोटी नाही. तरुण कॅप्टन, म्हणजे वेटरांच्या वरचा, "येऊनच राहिली मॅडम," म्हणत तीनदा आत गेला. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ त्याच्यावर चढले आणि तिथेच मोबाइल काढून एक तारा ठोकला. नावासकट.

माझी खुर्ची किचनच्या झुलत्या दाराकडे होती. दार उघडलं की आतलं ऐकू यायचं. "शेफ, टेबल बाराची रोटी!" "थांब रे, हॉलची निघून राहिली."

विल्यम फूट व्हाइट नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात शिकागोच्या रेस्टॉरंटांमध्ये हेच पाहिलं होतं. वेट्रेस रडतात, स्वयंपाकी डाफरतात, मालकाला वाटतं माणसंच तापट आहेत. व्हाइटनं म्हटलं, भानगड स्वभावाची नाही. दर्जानं खालची समजली जाणारी वेट्रेस दर्जानं वरच्या आचाऱ्याला दिवसभर तोंडी हुकूम सोडते, आणि त्याला ते झोंबतं. उपाय काय निघाला, तर मधे एक खिळा. वेट्रेसनं ऑर्डरची चिठ्ठी खिळ्याला टोचायची, आचाऱ्यानं आपल्या सोयीनं ओढायची. तोंडाला तोंड नाही. माझ्या मते हॉटेलाच्या धंद्यावरचं इतकं स्वस्त आणि इतकं शहाणं निरीक्षण दुसरं नाही.

आज खिळ्याच्या जागी टॅब्लेट आणि केओटीचा, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीचा, प्रिंटर आहे. या हॉटेलातही आहे, चकचकीत. मग घोळ कुठे? घोळ असा, की रेस्टॉरंटची ऑर्डर कागदावर जाते आणि बँक्वेट हॉलची तोंडी. बँक्वेट मॅनेजर स्वतः आत येऊन सांगतो, आणि तो पदानं मोठा. तंदूर एकच. म्हणजे कागद हरला, पद जिंकलं, आणि एक तारा पडला त्या कॅप्टनला, ज्याच्या हातात यातलं काहीच नव्हतं. वरची पाचशे पानांची मेजवानी आमचीच होती, हेही सांगून टाकते. आमच्याच रोट्यांनी आमची रोटी अडवली.

लॉबीबद्दल लिहायलाच हवं, कारण पैसा तिथे ओतलाय. नवं झुंबर, संगमरवर, टेकडी गणपतीची मोठी फ्रेम. अभिप्रायाच्या अर्जात मात्र तोच जुना साचा. पारसुरामन, झाइथामल आणि बेरी यांनी 1988 मध्ये सेवेचा दर्जा मोजायला 22 विधानांची एक प्रश्नावली केली होती, जगातल्या निम्म्या फीडबॅक फॉर्मांची ती आजी. तिचे पाच भाग मी मुलांकडून घोकून घ्यायचे: दिसणारी साधनं, भरवसा, तत्परता, आश्वस्तता, आपुलकी. ग्राहकाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो भरवसा, आणि सगळ्यात कमी महत्त्व दिसणाऱ्या साधनांना, हे त्याच संशोधकांना आढळलं होतं. इथे झुंबर लखलखीत, आणि नवरीच्या मामांना सकाळी सहाला गार पाण्यानं आंघोळ. मुहूर्त थांबत नाही. मामांचं तोंड मग दिवसभर तसंच.

नाश्ता मात्र मनापासून आवडला. तर्री पोह्याचा काउंटर वेगळा, पोहे थोडेथोडे करून आणत होते, चाफिंग डिशमध्ये कोरडे पडू दिले नाहीत. तर्रीवर तेलाचा तवंग पाहिजे तेवढा, चणे शिजलेले पण फुटलेले नाहीत. काउंटरवरच्या मावशी बाहेरून आलेल्या, फक्त सकाळच्या चार तासांसाठी, आणि काम संपलं की घरी. हॉटेलात सगळ्यात मोकळं हसणारं माणूस तेच होतं. रसाचं विचारलं तर उत्तर आलं, की सोलायला माणूस नाही, तो पोरगा दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही.

हे उत्तर देणारा ड्युटी मॅनेजर माझाच विद्यार्थी निघाला. रात्री एकनंतर, हॉल आवरत असताना, त्यानं मला चहा पाजला. "मॅडम, पोरं टिकूनच नाही राहिली. शिकवून तयार केलं की चालली पुण्याला, नाही तं क्रूझवर. नाही तं सरळ डिलिव्हरीच्या गाडीवर."

"तुझी शिफ्ट कधी सुरू झाली?" मी विचारलं.

"सकाळी आठला. मधे ब्रेक होता तीन ते सहा."

ब्रेक शिफ्ट म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही. सकाळ हॉटेलात, दुपार मोकळी, संध्याकाळ पुन्हा हॉटेलात. हिंगण्याला राहणाऱ्या पोरानं त्या तीन तासांत जायचं कुठे? तो लॉकर रूममध्ये बाकावर झोपतो. रात्री सुटतो तेव्हा वर्धा रोडवरची मेट्रो कधीच बंद झालेली असते. हॉलमध्ये पांढरे हातमोजे घालून ताटं उचलणाऱ्यांत निम्मे रोजंदारीचे आणि बाकी ट्रेनी, इंडस्ट्रियल ट्रेनिंगला आलेले. कुस्लुवान दांपत्यानं 2000 मध्ये तुर्कस्तानातल्या पर्यटनाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ज्यांनी प्रत्यक्ष काम करून पाहिलं होतं, तेच या धंद्याबद्दल नाराज होते: वेळा, पगार, वरिष्ठांची वागणूक. आमच्याकडेही ट्रेनिंगहून परतलेल्या वर्गात मागच्या बाकावरून पहिला प्रश्न बँकेच्या परीक्षेचा यायचा.

माझा विद्यार्थी म्हणाला, मालक म्हणतात माणूस गेला तर दुसरा येतो. मी त्याला कॉर्नेलच्याच हिंकिन आणि ट्रेसी यांच्या कामाची आठवण करून दिली. माणूस सोडून जाण्याचा खर्च त्यांनी मांडून दाखवला होता. जाहिरात आणि मुलाखती हा त्यातला छोटा तुकडा, मोठा वाटा नव्या माणसाचा हात बसेपर्यंत होणाऱ्या नुकसानीचा. डब्यातला रस हे त्या नुकसानीचंच एक बिल, आणि ते पाहुणा भरतो. तो हसला. म्हणाला, "हे तुम्ही फॉर्मवर लिहा मॅडम, मी सांगितलं तं माझंच चुकते."

लिहिलं. नावाच्या रकान्यात त्या मुलीचं आणि कॅप्टनचं, दोघांचीही नावं पाच ताऱ्यांसकट टाकली, कारण इन्सेंटिव्ह कापला जायला नको. सूचनेच्या रकान्यात लिहिलं: हॉलची रोटीही केओटीनं मागवा, लग्नाच्या चेकआउटच्या दिवशी कोटा बारा खोल्यांवर आणा, मखमली रनर काढून टाका. बिलात सेवा शुल्क लावलं नव्हतं, हे मात्र चोख. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच ते आपोआप लावायला मनाई केलीय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ती उचलून धरली, तरी अजून कुणी लावलंच तर काढायला सांगा.

वऱ्हाड उतरवणार असाल तर हॉटेल घ्यायला हरकत नाही. निम्म्या खोल्यांचं चेकआउट दुपारी दोनचं मागून घ्या, मागितलं की देतात आणि मजल्यावरच्या पोरींचा जीव वाचतो. करारात दोन गोष्टी लिहून घ्या: वाढणाऱ्या पोरांचं जेवण रिसेप्शनच्या आधी, साडेसातला, आणि रात्री त्यांना घरी सोडायला गाडी. आम्ही पहिली लिहून घेतली होती, मॅनेजरनं कुरकुर न करता सही केली. दुसरीसाठी दर माणशी ऐंशी रुपये जास्त मागितले. अधिवेशनाच्या दिवसांत हाच भाव सात हजारांच्या घरात जातो, तेव्हा दिवाळीच्या आधीच ॲडव्हान्स भरा आणि सकाळच्या गरम पाण्याची वेळ लेखी घ्या.