२०,१८३ रुपयांची कॉफी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. घरात आणि ऑफिसात सगळ्यांचं हसून झालंय.

मी बावीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. व्हेंडरचं बिल समोर आलं की आधी जीएसटी नंबर, मग पत्ता, मग बँकेचा तपशील, अशी माझी नजर आपोआप फिरते. माझ्या टेबलावरून बिल परत गेलं नाही असा व्हेंडर आमच्याकडे नसेल. आणि त्याच मी २०२४च्या दिवाळीआधी एका कॉफी मशीनपायी २०,१८३ रुपये घालवले. मशीन आलं नाहीच. आलं काय, ते पुढे सांगते.

कॉफी मशीन म्हणजे चोचले असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरी सकाळी सव्वासहाला यावं. मुलाची व्हॅन ६:५०ला, नवऱ्याची लोकल त्यानंतर वीस मिनिटांनी, माझी आणखी अर्ध्या तासाने. सासूबाईंचा आल्याचा चहा एका शेगडीवर, दुसरीवर पोळ्या. आमची कॉफी कुठे ठेवायची? म्हणून नवरा स्टेशनबाहेर २२० रुपयांची कॅपुचिनो प्यायचा, आठवड्यातून चार वेळा. ८८० रुपये. २४,९९०चं मशीन घेतलं तरी एकोणतीस आठवड्यांत वसूल. हा हिशेब मी डायरीत मांडला होता आणि तो अजूनही चुकीचा नाही, हे नमूद करते.

डोंबिवलीतल्या आमच्या ओट्यावर मिक्सर आणि प्युरिफायरच्या मध्ये टेप लावून मोजली तर १७ सेंटिमीटर जागा निघाली. म्हणजे १५ सेंटिमीटर रुंदीची, उभी, सडपातळ मशीन येतात ना, तीच हवी होती. तीन आठवडे मी अभ्यास केला. मिनिटभरात तापणारं थर्मोब्लॉक हवं, कारण बॉयलर तापायची वाट बघायला सकाळी कोण मोकळं आहे? दुहेरी तळाची, दाब धरणारी बास्केट (पूड भरायची जाळी) हवी, म्हणजे दुकानातून दळून आणलेली पूडही चालते. एकेरी तळाची घेतली तर ग्राइंडर घ्यावा लागतो, आणि चांगला ग्राइंडर जवळपास मशीनच्याच किमतीत पडतो. हे सगळं मला पाठ होतं. एस्प्रेसोला १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. मग फसले कशी, असं विचारू नका. मशीनचा अभ्यास केला होता, विकणाऱ्याचा नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार, रात्रीचे दहा चाळीस. दिवसभर शोधत असलं की जाहिराती मागे लागतातच. तशीच एक आली. मी हेरून ठेवलेलं तेच इटालियन मशीन, दिवाळी ऑफर, १३,४९९. आगाऊ पैसे भरले तर आणखी ५ टक्के सूट. घड्याळ उलटं चालू, चौदा मिनिटं उरलेली. ते घड्याळ पान पुन्हा उघडलं की पुन्हा चौदापासून सुरू होतं, हे मला आठवड्याने कळलं. तुम्ही आधी करून बघा.

खाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. मी मेसेज टाकला, तर उत्तर मराठीत. ‘नमस्कार ताई, दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.’ इथेच मी निम्मी विरघळले. एरवी कुठेही फोन लावा, हिंदीत सुरुवात होते. हा ताई म्हणतो, ओट्यावर जागा किती आहे विचारतो, घरी किती माणसं कॉफी पितात विचारतो. दुकानातला सेल्समन इतकं विचारत नाही.

फोटो मोठा करून बघितला तर प्लगला दोन चपट्या पिना. अमेरिकेतला प्लग. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिकडचं मशीन इथे तसंच लावलं तर जळेल. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, ‘फोटो कंपनीचा आहे ताई, तुम्हाला इंडियन प्लगचं येईल.’ पटलं. पानावर ‘२० बार कमर्शियल प्रेशर’ लिहिलेलं होतं. एस्प्रेसोला बास्केटमध्ये ९ बारच्या आसपास दाब पुरतो, डब्यावर १५ नाहीतर २० लिहितात ती पंपाची ताकद. पण त्या मॉडेलचा खरा आकडा १५ होता आणि तो मला ठाऊक होता. टायपिंगची चूक असेल म्हणून मीच त्यांच्या वतीने सोडून दिलं.

आता मुख्य. हा क्षण मी रोज रात्री बघते. यूपीआयमध्ये १२,८२४ टाकले आणि पुढे बँकेत नोंदलेलं नाव आलं. कंपनीचं नाही, एका बाईचं. नाव, आडनाव, सरळसाधं. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला. मी मागे गेले आणि विचारलं, हे खातं कुणाचं?

‘ओनरच्या मिसेसचं आहे ताई. कंपनीच्या खात्यावर घेतलं तर १८ टक्के जीएसटी लावावा लागेल. तुमचे पैसे वाचावेत म्हणून.’

ऑफिसात एखादा व्हेंडर हे बोलला असता तर मी त्याचं नाव यादीतून काढलं असतं आणि साहेबांना मेल टाकला असता. घरी, शनिवारी रात्री, गाऊनवर बसून मला ते वाक्य सवलतीसारखं ऐकू आलं. मनात म्हटलं, बरंय, बिल नसलं तरी चालेल. दुसऱ्यांची बिनबिलाची खरेदी पकडून पगार घेणारी बाई मी. पिन टाकला.

तुम्हाला एवढंच म्हणते: पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते वाचा, आणि ते दुकानाचं नसेल तर समोरच्याला विचारूसुद्धा नका. विचारलं की तो उत्तर देतो. उत्तर त्याच्याकडे तयार असतं.

सोमवारी आणखी २,३६० मागितले. ‘नाजूक वस्तू हाताळणी शुल्क.’ २,००० वर १८ टक्के ३६०. हिशेब पैशापर्यंत बरोबर होता म्हणून मला विश्वास वाटला. परवा ज्याने जीएसटी चुकवला तो आज जीएसटी लावतोय, हे डोक्यात आलं नाही. दिवाळीची साफसफाई चालू होती, चकलीची भाजणी दळायची होती, मुलाची सहामाही परीक्षा. सबबी नाहीत या. वेळच नव्हता.

कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर आला तो मात्र खरा. बुधवारी बघितलं, पार्सल निघालेलं. मी नवऱ्याला अभिमानाने दाखवलं. त्याच पानावर खाली वजन लिहिलेलं असतं. ०.३०० किलो. मशीन चार किलोच्या वर असतं. तीन दिवस ते पान मी दहा वेळा उघडलं आणि दहाही वेळा फक्त ‘कुठे पोहोचलं’ बघितलं. त्या बुधवारीच तक्रार केली असती तर पैसे खात्यात सापडले असते की नाही, देव जाणे.

२६ तारखेला पार्सल आलं. आत फेस करायचा फ्रॉदर. सेलवर चालणारा, टोकाला स्प्रिंग असलेला, दीडशे रुपयांना मिळतो तो. आणि एक छापील चिठ्ठी: ‘खरेदीबद्दल धन्यवाद.’

इथे आमचे हे मैदानात उतरले. ‘तू थांब, मी बोलतो.’ बोलले. चुकून दुसरी ऑर्डर गेली, लगेच रिफंड देतो, पण एका वेळी ५,०००च्या वर जात नाही म्हणून ४,९९९चे हप्ते येतील, हा क्यूआर स्कॅन करा. मी चकल्या तळत होते. नवऱ्याने स्कॅन केला, पिन टाकला आणि ४,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे आमच्या चौथीतल्या मुलाला माहीत आहे. त्यानेच नंतर सांगितलं, सासूबाईंसमोर. पुढे तो माणूस स्क्रीन दिसेल असं एक अ‍ॅप टाकायला सांगत होता, तेव्हा मी पिठाच्या हातांनी फोन हिसकावला. नवऱ्याचं म्हणणं असं की १५,१८४ मी घालवले आणि त्याने फक्त ४,९९९. बसा मोजत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली गेली. हा नंबर आत्ता, वाचता वाचता, फोनमध्ये सेव्ह करा. पैसे गेले की आधी हा, मग रडणं. त्यामुळेच शेवटच्या ४,९९९मधले १,१४० त्या खात्यात अडकवले गेले. बाकी पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढच्या.

मग सुरू झाल्या सरकारी आट्यापाट्या. तो दिवस चौथा शनिवार, बँक बंद. रविवार बंद. वसुबारसेला, सोमवारी, मी शाखेत. ‘मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय.’ हो, टाकलाय. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७चं परिपत्रक मी वाचून गेले होते, त्यात ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच, हे स्पष्ट होतं. मी तुमच्याकडे पैसे मागतच नाहीये, मी म्हटलं. ते खातं कुणाचं आहे ते सांगा. आधार, पॅन, फोटो, सही घेतल्याशिवाय माझ्या सासूबाईंचं पेन्शनचं खातं चालू ठेवत नाही तुम्ही, दर काही वर्षांनी केवायसीला त्यांना जिने चढायला लावता, मग या बाईचं खातं कुठल्या बँकेने कसं उघडलं? ‘ती माहिती गोपनीय असते.’ चोराची गोपनीयता! माझी मात्र चव्हाट्यावर, कारण माझ्या मागे रांगेत आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा: ‘वस्तू मिळाली ना? मग हा ग्राहक मंचाचा विषय.’ आता कळलं फ्रॉदर कशाला पाठवतात? याचसाठी. रिकामा डबाही पाठवत नाहीत, काहीतरी वस्तू घालतात, म्हणजे भांडण ‘मालाच्या दर्जाचं’ होतं. दुसऱ्यांदा: ‘ते खातं परराज्यातलं आहे.’ मी म्हटलं, जुलैपासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो. ‘मॅडम, कायदा आम्हाला शिकवणार?’ तिसऱ्यांदा: ‘निवडणुकीचा बंदोबस्त आहे, वीस तारखेचं मतदान होऊ द्या.’ मतदान झालं, निकाल लागला, सरकार बसलं. माझ्या हातात साध्या अर्जाची पोच. एफआयआर नाही. रक्कम लहान आहे म्हणे. वीस हजार लहान असतील तर साहेब, तुम्हीच द्या ना.

ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंत फीसुद्धा लागत नाही, घरबसल्या तक्रार दाखल होते. छान. पण समोरचा पक्षकार कोण, पत्ता काय? साइटवर भिवंडीचा गाळा नंबर होता. मी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ती ‘पत्ता अपूर्ण’ शेरा घेऊन परत आली. पोलीस म्हणतात ग्राहक आयोग, तिथे गेलं तर आधी माणूस शोधून आणा, माणूस शोधणार पोलीस. अडकलेले १,१४० परत हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा सांगितलं. वकिलाने त्यासाठी ५,००० सांगितले.

आयोगाकडचा अर्ज लिहिताना मी त्या साइटच्या तळाशी असलेला जीएसटी नंबर पहिल्यांदा नीट वाचला. पंधरा अक्षरं, पहिले दोन आकडे ०७. तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत आहे: ०७ म्हणजे दिल्ली. भिवंडीतल्या गाळ्याचा नंबर २७ने सुरू व्हायला हवा. सरकारी पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द, धंदा कापडाचा. वीस सेकंदांचं काम. ऑफिसात दिवसाला तीस वेळा करते. त्या रात्री मी ओट्याशी बसून होते आणि पेन आपटून मोडलं.

आणखी एक. दुकानात तेच मशीन दिवाळीत २१,९९० ला होतं. आम्ही घालवलेल्या पैशांवर १,८०७ टाकले असते तर पक्क्या बिलासकट, वॉरंटीसकट घरी आलं असतं. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असते, ती दुकानात हातात घेऊन वाचता येते. नाहीतर घरपोच आल्यावर पैसे, हा एकच प्रश्न विचारा. ‘या ऑफरवर कॅश ऑन डिलिव्हरी नाही’ असं उत्तर आलं की फोन ठेवा.

ओट्यावरच्या १७ सेंटिमीटरमध्ये सासूबाईंनी मिसळणाचा डबा ठेवला आहे. पोलिसांनी फ्रॉदर पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितला होता, पण नवरा त्याने रोज सकाळी इन्स्टंट कॉफीला फेस आणतो. सेल त्यात नव्हते. ते मीच आणले, ४० रुपयांचे. बिल घेतलंय.