पिसवा आणि गोचीडांवरील स्पॉट-ऑन औषधे: काही महिन्यांच्या नियमित वापरानंतर

आमच्याकडे एक कुत्रा आणि एक मांजर आहे. पशुवैद्यांच्या सल्ल्याने आणि वजन पाहून, कुत्र्याला फिप्रोनिल व एस-मेथोप्रीन यांचे मिश्रण, तर मांजराला सेलामेक्टिन असे मानेवर टाकायचे औषध आम्ही गेले अनेक महिने न चुकता दर महिन्याला देत आहोत.

पहिल्या डोसनंतरही पिसवा दिसल्या की औषध लागू पडले नाही, असा निष्कर्ष बहुतेक लोक काढतात. पण तो घाईचा ठरतो. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा घरातील एकूण पिसवांच्या साधारण ५ टक्केच असतात. बाकी सगळी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, गालिच्यात, फरशीच्या फटींत असतात. त्यांतल्या कोषापर्यंत औषध पोहोचतच नाही, आणि आतली पिसू ऊब किंवा हालचाल जाणवेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही, थांबून राहते. म्हणूनच आमच्याकडे सुरुवातीला नव्या पिसवा येत राहिल्या. मात्र अंगावर आलेली पिसू औषधाने मरते आणि मेथोप्रीनमुळे अंडी व अळ्यांची वाढ खुंटते, त्यामुळे पुढच्या डोसांबरोबर त्यांचे प्रमाण स्पष्टपणे घटत गेले. अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

फिप्रोनिल त्वचेवरील तेलातून अंगभर पसरते आणि तैलग्रंथींत साठते, म्हणून औषधाच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ टाळलेली बरी. सेलामेक्टिन त्वचेतून रक्तात जाते. त्यामुळे ते कानातील माइट (अतिशय बारीक परजीवी) आणि हृदयकृमींच्या प्रतिबंधासाठीही उपयोगी पडते, आणि मांजरासाठी मला ते अधिक पसंत आहे.

गोचीडांबाबत माझे समाधान थोडे कमी आहे. फिप्रोनिल गोचीड दूर ठेवत नाही. ती चिकटते आणि साधारण ४८ तासांत मरते. एर्लिकिया आणि बाबेसिया यांसारखे आजार गोचीडांमुळेच पसरत असल्याने, बाहेरून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि मानेखालचा भाग हाताने तपासणे आम्ही सोडलेले नाही.

औषध टाकताना केस बाजूला करून थेट त्वचेवर, आणि जीभ पोहोचणार नाही अशा जागी म्हणजे डोक्याच्या अगदी मागे, टाकावे. केसांवर पडले तर बरेचसे वाया जाते आणि चाटले गेले तर तोंडाला फेस येतो. तिथले केस एक-दोन दिवस तेलकट राहतात, पण त्वचेला त्रास झाला नाही.

एक गोष्ट मात्र अत्यंत गंभीरपणे सांगायची आहे: कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेले औषध मांजरावर कधीही टाकू नये. मांजराच्या यकृताला ते पुरेशा वेगाने निष्प्रभ करता येत नाही, आणि त्यामुळे थरथर, झटके येऊन मृत्यूही ओढवू शकतो. कुत्र्याला असे औषध लावले असेल, तर ते पूर्ण सुकेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. ‘कुत्र्याच्या पिपेटमधले (औषधाच्या छोट्या नळीतले) थोडे मांजराला’ हा सल्ला कुणीही दिला तरी नाकारावा. सशांनाही फिप्रोनिल घातक ठरते.

पिसू गिळल्याने होणारा फीतकृमी मात्र आम्ही वापरत असलेल्या या दोन्ही औषधांनी जात नाही. त्यासाठी प्राझिक्वान्टेलची गोळी पशुवैद्यांकडून वेगळी घ्यावी लागते.