नवीन कॅलिपरचे 4400 घेतले आणि माझाच जुना रंगवून बसवला

ज्यांच्या बाईकला पुढं डिस्क ब्रेक आहे आणि गाडी पाच-सात वर्षांची झालीय त्यांनी हे नक्की वाचा, कारण मला ज्या पद्धतीनं गंडवलं ती पद्धत लय सोपी आहे आणि आपल्याला कळायचं काही कारणच नसतं. मला कळलं ते पण माझ्या हुशारीनं नाही, ब्रेक ऑइल गळलं म्हणून कळलं.

जूनच्या शेवटी गगनबावड्याला गेलो होतो, पाऊस नुसता कोसळत होता. परत येताना गाडी ओढेना. आधी वाटलं चेन टाइट झाली असेल, मग वाटलं क्लच गेला, शेवटी एका उताराला न्यूट्रल टाकून बघितलं तर गाडी पळायच्या ऐवजी थांबायला लागली. उतरून बघतो तर पुढच्या डिस्कवर पावसाचे थेंब पडून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र वाजतंय आणि वाफ निघतेय. म्हणजे ब्रेक धरून बसलाय. तसंच रडतखडत कोल्हापूरच्या अलीकडं रोडच्या कडेला एक गॅरेज दिसलं तिथं गाडी लावली.

मिस्त्रीनं कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा ठोकळा) सोडला, पॅड काढले, दोन पिस्टनपैकी (पॅड डिस्कवर दाबणारे दट्टे) एक स्क्रू ड्रायव्हरनं आत ढकलून दाखवला आणि दुसऱ्याला हातोडीच्या दांड्यानं दोन टोले दिले. हलला नाही. "दादा, पिस्टन जाम. ब्लॉकच गेला समजा, हा आता भंगार." इथपर्यंत निम्मं खरं होतं, पिस्टन जाम होताच. पुढचं खोटं होतं, पण ते मला तेव्हा कुठं माहीत. त्यानं कपाटातून कंपनीचा एक खोका काढून लांबूनच दाखवला आणि म्हणाला दोन तास लागतील, तोवर चहा घेऊन या. मी चहा घेतला, वडा खाल्ला, मोबाईल बघत बसलो. आलो तर काळाकुळकुळीत चकचकीत कॅलिपर बसलेला, चाक फिरवलं तर मोकळं, मी खूश. कागदाच्या चिठोऱ्यावर हिशोब लिहून दिला, कॅलिपर असेंब्ली 3800, ब्रेक ऑइल 150, मजुरी 450, एकूण 4400. जुना कॅलिपर कुठाय विचारलं तर म्हणाला, "आत्ताच भंगारवाला घेऊन गेला की." तिथंच थोडं खटकलं होतं, एवढ्या पावसात कुठला भंगारवाला फिरतोय. पण अंधार पडत आलेला, अंगावर ओली पँट, कोण वाद घालत बसतंय. दिले पैसे आणि निघालो.

दीड महिना गाडी बरी चालली. श्रावणातल्या एका रविवारी आईला घेऊन ज्योतिबाला गेलो, आणि डोंगर उतरताना ब्रेकचा लिव्हर दाबला तर तो मऊ लागत लागत थेट ग्रिपला येऊन टेकला. मागं आई, पुढं वळण. मागचा ब्रेक आणि खालचा गिअर यावर गाडी कशीबशी कडेला घेतली. आईला वाटलं मी लिंबूपाण्यासाठी थांबलोय, मी पण तसंच वाटू दिलं आणि दोन ग्लास सांगितले. हात थरथरत होते ते तिनं बघितलं नाही हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरात मित्राच्या लेथवर (लोखंड कातायच्या वर्कशॉपला) नेली. कॅलिपरच्या खालच्या बाजूला ऑइल झिरपलेलं आणि तिथला काळा रंग दुधाच्या सायीसारखा सुरकुतलेला. ब्रेक ऑइल रंगाला खातं, टाकीवर एक थेंब सांडला तरी डाग पडतो हे बऱ्याच जणांना माहीत असेल. कंपनीतून आलेला रंग एवढ्या लवकर असा सुटत नाही, हा साधा डब्यातला स्प्रे होता. मी अंगठ्यानं घासलं तशी रंगाची पापडी निघाली आणि खाली तीन ओरखडे दिसले, दोन लांब आणि मध्ये एक आखूड. दोन वर्षांपूर्वी राधानगरी रोडला गाडी घसरून पडली होती तेव्हाचे. माझाच कॅलिपर! मी बराच वेळ नुसता बघत बसलो. राग नंतर आला, आधी हसूच आलं.

म्हणजे त्यानं केलं काय तर जाम पिस्टन पकडीनं आवळून थोडा फिरवला, पॉलिश पेपर मारला, पुन्हा आत ढकलला, वरनं काळा रंग मारला. 4400 रुपयांचा स्प्रे.

तेव्हापासून मी गाडी गॅरेजला दिली की जो पार्ट बदलायचाय त्यावर आधी खिळ्यानं बारीक खूण करतो आणि फोटो काढतो, मिस्त्रीच्या समोर काढतो, त्याला राग आला तर येऊ दे. जुना पार्ट हातात द्यायचा हे काम सुरू करायच्या आधीच बोलून घ्यायचं, नंतर विचारलं की भंगारवाला येतोच. नवीन पार्टचा खोका आपण स्वतः फोडायचा, त्यावर पार्ट नंबर आणि एमआरपीचं लेबल असतं, त्याचा फोटो ठेवायचा. आणि बिल पक्कं घ्यायचं, जीएसटी लागला तर लागला. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी पण लागत नाही हे सगळं कळलं, पण माझ्याकडं पुरावा काय तर तेलकट चिठोरा, त्यावर ना नाव ना नंबर.

आता पिस्टनचं. मित्राकडं लेथवर जे मामा आहेत, चाळीस वर्षं टर्नर, त्यांनी कॅलिपर हातात घेऊन दोन मिनिटांत सांगितलं की हा भंगार बिंगार काही नाही, हा माणसानं बिघडवलाय. पिस्टन मागं यायला आत स्प्रिंग नसते, चौकोनी कापाचं रबरी सील असतं, ब्रेक दाबला की ते जरासं मुरडतं आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागं ओढतं, बस तेवढंच. ऑइल वर्षानुवर्षं बदललं नाही की ते हवेतली ओल पीत राहतं, त्यात डस्ट सील (धूळ अडवणारं बाहेरचं रबर) फाटलं की पावसाचा चिखल आत, पिस्टनला गंज आणि सीलच्या खाचेत ॲल्युमिनियमची पांढरी पूड. मग सील पिस्टनला आवळून धरतं. माझ्या गाडीचं ऑइल मी चार वर्षं बदललं नव्हतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं, ही चूक माझी, मिस्त्रीची नाही. त्यानं दीडशे घेऊन पण ते बदललं नव्हतं ही मात्र त्याची.

काढायचा कसा? सगळ्यात सोपं म्हणजे ब्रेकचाच लिव्हर पंप करून पिस्टन बाहेर आणायचा, पण इथं सील गळत होतं आणि दाब धरतच नव्हता. मी म्हटलं कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेऊ. मामा एवढे ओरडले की बाजूचा पोरगा काम थांबवून बघायला लागला. हवा दाबून साठते, पिस्टन सुटला की गोळीसारखा येतो आणि मध्ये बोट असलं तर बोट जातं. ग्रीस दाबलं जात नाही, त्यामुळं पिस्टन हलला की दाब तिथंच संपतो. म्हणून ग्रीस गन, म्हणजे जोरानं ग्रीस भरायचा हातपंप.

काकांच्या ट्रॅक्टरची ग्रीस गन आणली. आधी 10 मिलिमीटरचं तयार ग्रीस निपल (गन जिथं लावतात ते तोंड) डायरेक्ट कॅलिपरला ब्रेक पाइप लागतो त्या भोकात लावून बघितलं, दोन आटे जाऊन अडकलं. निपलचे आटे 1 पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर), माझ्या कॅलिपरचे 1.25. काही कॅलिपरला 1 चेच असतात, त्यांना ते निपल तसंच बसतं, पण अडकलं तर जोर लावू नका, ॲल्युमिनियमचे आटे उडाले की मग कॅलिपर खरंच भंगार. मामांनी 10 बाय 1.25 चा साधा हाय टेन्साइल बोल्ट लेथला धरून आरपार 4 मिलिमीटरचं भोक पाडलं, डोक्याकडून 5 चं ड्रिल थोडं आत घातलं, 6 चा टॅप मारून आटे पाडले, छोटं ग्रीस निपल बसवलं, खाली तांब्याचा वॉशर. झालं हत्यार. बोल्ट आणि निपल मिळून 30 रुपये, मामांनी मजुरी म्हणून मिसळ घेतली.

कॅलिपर व्हाइसमध्ये धरला, एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढायचं निपल घट्ट केलं आणि जो पिस्टन ढिला होता त्याला पट्टी लावून सी क्लॅम्प मारला. हे नाही केलं तर ढिला आधी बाहेर पडतो आणि मग सगळं ग्रीस त्या भोकातून, जाम वाला तसाच. गन मारायला लागलो, दहा-बारा झटके काहीच नाही, दांडा जड व्हायला लागला. माझा पिस्टन 25 मिलिमीटरचा, म्हणजे तोंड जवळजवळ 5 चौरस सेंटिमीटर, दर सेंटिमीटरला 100 किलोचा दाब धरला तरी मागून 500 किलोचा रेटा. मग एकदम टक् असा आवाज आला आणि पिस्टन गोगलगायीसारखा हळूहळू बाहेर यायला लागला. काठाला आला तसा थांबलो, क्लॅम्प काढून दुसरा पण काठाला आणला, मग दोन्ही हातानं ओढले.

जाम वाल्या पिस्टनवर पकडीचे दात उठलेले, क्रोम उडून खालचं लोखंड दिसत होतं आणि जाड पॉलिश पेपरच्या रेघा. असल्या पिस्टननंच सील कापलं, तिथनंच ऑइल गळलं. तो मी कपाटात ठेवलाय.

ग्रीसचा एक कण आत राहता कामा नये, साध्या ग्रीसनं ब्रेकचं रबर फुगतं. ब्रेक क्लीनरचे दीड डबे गेले, खाचेतली पांढरी पूड बांबूच्या काडीनं काढायला एक अख्खी संध्याकाळ गेली, जुनी सीलं फेकली, नवीन पिस्टन, नवीन सील किट, सगळं ब्रेक ऑइलमध्ये भिजवून नुसत्या अंगठ्यानं आत बसवलं. पॅड धरून खर्च 1400 च्या आत. बसवल्यावर एअर मामांनी काढली, मला एकट्याला तेवढा भरवसा नव्हता. ज्यांनी ब्रेक कधी उघडला नाही त्यांनी पण शेजारी जाणता माणूस घेऊनच बसा.

मग मी त्या गॅरेजला गेलो. सोबत मित्र, हातात पिस्टन, मोबाईलमध्ये ओरखड्यांचे आधीचे नंतरचे फोटो, खिशात तो बोल्ट. मिस्त्रीनं फोटो बघितले, पिस्टन बघितला, म्हणाला पोरानं केलं असेल, मला माहीत नाही. पोरगा तिथंच चाक काढत होता, त्यानं मान वर पण केली नाही. बराच वेळ घासाघीस झाली, दोन गिऱ्हाईकं थांबून ऐकायला लागली तेव्हा त्यानं 2000 काढून दिले, उरलेले आजपर्यंत नाहीत.

निघताना त्याचं लक्ष बोल्टकडं गेलं. हातात घेऊन उलटा सुलटा केला, निपल बोटानं फिरवून बघितलं आणि म्हणाला, "भारी आहे की हे. ठेवून जाता का, आम्हाला उपयोगाला येईल."

मी तो त्याच्या हातातून घेतला, खिशात टाकला आणि म्हटलं, "कसला बोल्ट? तो तर आत्ताच भंगारवाला घेऊन गेला की."